सल्ला हवा: जांभ्याच्या जुन्या घराला खण (नवा भाग) वाढवणे आणि स्वयंपाकघराचे नूतनीकरण

परसदार | १४ नोव्हेंबर

नमस्कार. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून काही किलोमीटर आत, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उतारावर आमचे घर आहे. वडिलांनी ते १९७१ साली बांधले. भिंती चिऱ्याच्या (जांभ्याच्या कापलेल्या दगडांच्या) आहेत, बाहेरून दरजा (दगडांमधील सांधे) भरलेल्या आहेत आणि छप्पर मंगलोरी कौलांचे, दोन पाख्यांचे (दोन उतरत्या बाजूंचे) आहे. घराची रुंदी पुढून मागे २४ फूट असून आढे (छपराच्या माथ्याची तुळई) पूर्व-पश्चिम धावते. पुढे पडवी, मग ओटी आणि माजघर, आणि ईशान्येच्या कोपऱ्यात मागील दाराला लागून स्वयंपाकघर अशी मांडणी आहे.

आईचे गुडघे आता साथ देत नाहीत. न्हाणीघर आणि शौचालय अंगणापलीकडे असल्यामुळे पावसाळ्यातील रात्री तिला तिथवर नेणे धोक्याचे झाले आहे. म्हणून तिच्यासाठी १२ फूट बाय १४ फुटांची एक खोली, तिला जोडून न्हाणीघर, आणि त्याच कामात स्वयंपाकघराची दुरुस्ती करावी, असे आम्ही दोघा भावांनी ठरवले आहे. स्वयंपाकघरात सध्या कडाप्प्याचा बुटका ओटा आहे, एकच लहान खिडकी आहे आणि चुलीच्या धुराने वासे काळे झाले आहेत. माझी पत्नी आणि आई दोघीही तिथे काम करतात, आणि गणपतीत मुंबईची सगळी मंडळी आली की त्याच जागेत तीस-पस्तीस पाने वाढावी लागतात.

नवी खोली घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून काढावी असा आमचा विचार आहे. धाकट्या भावाचे म्हणणे आहे की तिच्यावर स्लॅब टाकावा, म्हणजे पुढेमागे वर एक खोली घेता येईल. मला मात्र कौलांचे छप्पर हवे आहे. जुन्या आणि नव्या भिंतीचा सांधा कसा करावा, छप्पर कोणते घ्यावे, ओट्याखाली प्लायवूडची कपाटे आमच्या हवेत टिकतील का, आणि काम कोणत्या क्रमाने केले तर मृगाच्या आत छप्पर पुरे होईल, या चार गोष्टींवर अनुभवी लोकांचे मत हवे आहे. घराची मापे आणि दिशा दाखवणारा कच्चा आराखडा सोबत जोडला आहे.

बांधकाम_अभियंता | १५ नोव्हेंबर

आपला आराखडा पाहिला. आपण विचारलेल्या चार प्रश्नांच्या आधी जागेचा प्रश्न सोडवावा लागेल, कारण खोली मागे काढली तर बाकीची उत्तरे आपोआप वाईट होतात.

आपल्या मागच्या भिंतीची उंची आराखड्यात साडेआठ फूट दाखवली आहे. मंगलोरी कौलांच्या पाख्याला आपल्याकडच्या पावसात सुमारे ३० अंशांचा उतार लागतो. हेच पाखे त्याच उताराने १२ फूट पुढे नेले तर ते जवळपास ७ फूट खाली येते, म्हणजे नव्या खोलीच्या पलीकडच्या भिंतीला दीडच फूट उंची उरते. उतार कमी केला तर वाऱ्याबरोबर पाणी कौलांखाली शिरते. नव्या खोलीला स्वतंत्र दोन पाखी दिली तर जुन्या पागोळीचे आणि नव्या पागोळीचे पाणी मधल्या एकाच पन्हळीत उतरते, आणि जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे पाने आणि कचरा अडकून ती पन्हळ तुंबली की ते सगळे पाणी थेट आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरणार. सपाट स्लॅब घातला तरी जुन्या पाख्याचे पाणी त्या स्लॅबवर आणि भिंतीच्या पायथ्याशीच आदळते. कोकणात स्लॅबच्या घरांवर नंतर पत्र्याची शेड चढवलेली दिसते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आपली पूर्वेची तिकोनी भिंत (दोन पाख्यांच्या टोकाखालची) मोकळी आहे आणि पलीकडे जागाही आहे. खोली तिथे काढा. म्हणजे आढे तसेच पूर्वेकडे वाढते, दोन्ही पाखी त्याच रेषेत पुढे जातात, कुठेही पन्हळ तयार होत नाही आणि पागोळ्यांचे पाणी आजवर जिथे पडत आले तिथेच पडत राहते. १४ फूट लांबीचा एक पूर्ण खण मिळाला की पुढच्या बाजूला आईंची खोली, तिच्यामागे न्हाणीघर आणि अगदी मागे स्वयंपाकघराला लागून एक कोठी, एवढे सगळे त्यात बसेल.

आता सांध्याविषयी. जुन्या घराचा पाया पन्नासहून अधिक वर्षांत जेवढा बसायचा तेवढा बसला आहे, नवा पाया मात्र पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडा खाली जाईल. जुन्या चिऱ्यांत दात पाडून नवी भिंत त्यात गुंतवली, तर हे बसणे भेगेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ती भेग दरवर्षी भरावी लागते. म्हणून नव्या भिंती जुन्या भिंतीला भिडवाव्यात, पण मध्ये २० ते २५ मिलिमीटरची फट सोडावी. फटीत फोमची पट्टी बसवावी, बाहेरून लवचिक सीलंट भरावे आणि त्यावर एकाच बाजूला स्क्रू मारलेली ॲल्युमिनियमची पट्टी लावावी, म्हणजे दोन्ही भिंतींना स्वतंत्रपणे हलता येईल. नवे आढे जुन्या तिकोनी भिंतीवर टेकवू नका. त्या भिंतीशेजारी, तिला न चिकटता, लाकडाची किंवा लोखंडी चौकोनी नळ्यांची एक कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) उभी करा आणि नव्या आढ्याचे ते टोक तिच्यावर ठेवा. वासे पुढच्या-मागच्या भिंतींवर उतरत असल्यामुळे दुसरी समांतर भिंत बांधण्याचा खर्च वाचतो. वरून कौले सलग आली तरी चालते, कारण कौले एकमेकांवर नुसती बसलेली असतात आणि थोडी हालचाल सोसतात. स्लॅबला ती सोसत नाही.

पायाची चर जुन्या पायालगत खोदताना त्याच्या तळापेक्षा खाली जाऊ नका. कातळ खोल असेल आणि जावेच लागले, तर सगळी चर एकदम उघडी न टाकता तीन-चार फुटांच्या तुकड्यांनी खोदून भरत जा. जोत्याच्या पातळीवर आणि दारे-खिडक्यांच्या वर असे दोन सलग काँक्रीटचे पट्टे तीनही नव्या भिंतींतून फिरवा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा हादरा आपल्या भागाने अनुभवला आहे, त्यामुळे हा खर्च टाळू नये.

माजघरातून आणि स्वयंपाकघरातून नव्या खणात जायला दारे लागतील. तिकोनी भिंतीला आज दोन खिडक्या आहेत, त्यांचीच दारे करा. खिडकीच्या खालची भिंत उतरवावी आणि रुंदी आहे तेवढीच ठेवावी. वरची चौकट आणि तिच्यावरचा भार जसाच्या तसा राहतो. आढ्याच्या बरोबर खाली नवे भोक मात्र कोणत्याही कारणाने पाडू नये.

एक कागदाची गोष्ट. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या आणि मगच परवानगीचा अर्ज करा. जवळ खाडी असेल तर किनारा नियमन क्षेत्राची हद्दही तपासून घ्या, कारण भरतीचे पाणी येणाऱ्या खाडीच्या काठालाही ते नियम लागू होतात.

परसदार | १७ नोव्हेंबर

आपण एवढा वेळ देऊन आराखडा तपासला, त्याबद्दल मनापासून आभार. पूर्वेच्या बाजूला एक जुना रातांबा (कोकमाचे झाड) आहे, म्हणून आम्ही ती बाजू विचारातच घेतली नव्हती. काल मोजले तेव्हा लक्षात आले की खण १४ फुटांऐवजी १३ फुटांचा केला तर झाड राहते. आईला ही जागा मागच्या जागेपेक्षा जास्त आवडली आहे, कारण खिडकीतून पाणंद दिसेल आणि येणाजाणाऱ्यांशी बोलता येईल. भावालाही पाख्याच्या उताराचे गणित पटले आहे. स्लॅब आता फक्त न्हाणीघरापुरता, माळ्याच्या उंचीवर घेऊन त्यावर पाण्याची टाकी ठेवणार आहोत. रातांब्याच्या मुळांमुळे पायाला त्रास होईल का?

बांधकाम_अभियंता | १७ नोव्हेंबर

खोड भिंतीपासून आठ-दहा फुटांवर राहत असेल तर काळजी नसावी. चर खोदताना मनगटाएवढी मुळे लागली तर ती कुदळीने न तोडता करवतीने सरळ कापा आणि पूर्वेच्या बाजूची चर लवकर भरून घ्या. न्हाणीघराच्या स्लॅबसाठी काँक्रीट एम-२५ पेक्षा कमी दर्जाचे नको. समुद्राच्या उघड्या हवेत काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक ४५६ एम-३० आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे कवच सांगते. आपण थोडे आत आहात, तरीही लहानशा स्लॅबला तेवढे देण्यात फारसा जादा खर्च नाही. टेकू सात दिवसांच्या आत काढू नका, आणि आजकाल बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचे असते, म्हणून पाणी किमान दहा दिवस द्या. झाड वाचवल्याचा आनंद वाटला.

चिरेबंदी | २० नोव्हेंबर

परसदार दादा, आमच्या घरात दोन पिढ्या चिऱ्याच्या बांधकामाचे काम चालते, त्यामुळे मालाविषयी थोडे लिहितो.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा-ऊन लागले की कडक होत जातो. हल्ली यंत्राने कापलेला चिरा सकाळी निघतो आणि दुपारी भिंतीत बसतो, हे बरोबर नाही. काम जानेवारीत धरायचे असेल तर चिरा आत्ताच आणून अंगणात मोकळा रचून ठेवा. उतरवून घेताना पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी असलेला चिरा बाजूला काढा, कारण पाण्यात तो भाग विरघळून तिथे खड्डा पडतो. हातोडीने हलके वाजवून पाहिले की चांगला चिरा खणखणतो आणि कच्चा चिरा बद्द आवाज देतो. बांधण्याआधी चिरा भिजवून घ्यायला गवंड्याला सांगा, नाहीतर तो मालातील पाणी पिऊन टाकतो आणि सांधे भुसभुशीत राहतात.

बाहेरून गिलावा करू नका. दरजा नीट भरल्या आणि पाख्याची पुढे आलेली कौले दोन-अडीच फूट राहिली की चिऱ्याची भिंत भिजते आणि वाळते. सिमेंटच्या गिलाव्यामागे एकदा ओल शिरली की ती बाहेर पडत नाही, आणि मग आतल्या रंगाला फोड येतात.

कौलांविषयी मात्र आत्ताच सावध करतो. पन्नास वर्षांपूर्वीचे कौल आणि आजचे कौल यांचे साचे जुळत नाहीत. लांबी-रुंदीत थोडाच फरक असतो, पण खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि वाऱ्याचे पाणी तेवढ्याच फटीतून आत येते. जुन्या पाख्यात नवी कौले मधूनमधून घालू नका. यावर उपाय असा की मागच्या पाख्याची सगळी जुनी कौले उतरवून ती पुढच्या पाख्याला, नव्या खणासकट, सलग वापरावीत आणि मागचे संपूर्ण पाखे नव्या कौलांनी शाकारावे. दोन्ही साचे फक्त आढ्यावर भेटतात आणि तिथे कोनाची कौले (आढ्यावरची वळलेली कौले) चुन्यात किंवा मसाल्यात बसवायचीच असतात. उतरवताना काही कौले फुटतात आणि नव्या खणालाही ती पुरली पाहिजेत, म्हणून गावात कुणी जुने घर उतरवत असेल तर त्याच छापाची कौले आत्ताच घेऊन ठेवा. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, तो पाहून घ्यावा.

मागीलदार | २२ नोव्हेंबर

स्वयंपाकघराविषयी मी लिहिते. तीन वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातील आमच्या घरी हेच काम झाले.

ओट्याची उंची ठरवताना दुकानातील नमुना पाहू नका. वहिनींना आणि आईंना उभे करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा आणि तीतून चार ते सहा इंच कमी करा. पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ३२ इंच येते. दोघींच्या मापात दोन इंचांहून अधिक फरक असेल तर ओटा एकाच पातळीत करण्याचा हट्ट धरू नये. शेगडीचा भाग खाली आणि चिरण्या-मळण्याचा भाग वर, अशी पायरी द्यावी, कारण उंच पातेल्यातील आमटी ढवळताना खांदा वर उचलावा लागला की संध्याकाळपर्यंत पाठ धरते.

आईंचे गुडघे दुखतात असे आपण लिहिले आहे. मग विळीचे काय करणार, याचा विचार आत्ताच झाला पाहिजे. आपल्याकडे नारळ खवणे रोजचे आहे आणि जमिनीवर बसून उठणे त्यांना जमणार नाही. आमच्याकडे मागील दाराजवळ भिंतीला लागून १८ इंच उंचीचा, दीड फूट रुंदीचा आणि चार फूट लांबीचा चिऱ्याचा बाक बांधून वर कडाप्पा बसवला. सासूबाई त्यावर एका टोकाला बसतात आणि विळी आडवी बाकावरच ठेवून पाय खाली सोडून खोबरे खवतात. उजेडासाठी त्यांच्या डाव्या हाताला खिडकी ठेवली आहे. या एका बाकामुळे त्या पुन्हा स्वयंपाकात सहभागी होऊ लागल्या, आणि मला त्या नूतनीकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

मासे साफ करण्याची जागा घरात नको. मागील दारी पडवीखाली ३० इंच उंचीवर एक मोरी बांधा, कडाप्प्याला पुढून कड ठेवा, नळ द्या आणि वर दिवा लावा. उकिडवे बसून मासे करण्याचे दिवस गेले. सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडणार असाल तर आधी जाळी आणि तेलकट थर अडवणारी लहान टाकी मध्ये घाला, म्हणजे आळे तुंबत नाही.

कपाटांविषयी माझे मत ठाम आहे. जमिनीलगत प्लायवूड नको. आमच्या ओट्याखाली उभे-आडवे कडाप्पे भिंतीत घेऊन खण केले आणि त्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची, तिरप्या फटी असलेली दारे लावली. आषाढात सगळीकडे बुरशी येते, तेव्हा वारा खेळणारे कपाट आणि बंद कपाट यांतील फरक लगेच कळतो. वरच्या बाजूला प्लायवूड घ्यायचेच असेल तर मानक ७१० चा (ओलीत टिकणाऱ्या प्लायवूडचा) शिक्का असलेलेच घ्या. सरकते खण आणि बिजागऱ्या पोलादाच्या ३०४ प्रतीच्या घ्या. स्वस्तात २०२ प्रत मिळते, पण खारी हवा तिला लवकर गंज चढवते.

कोठी मिळते आहे, हे फार उत्तम आहे. वर्षाचा तांदूळ, कोकमाचे आगळ, आमसुले, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीची मोठी भांडी यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढले की आहे तीच जागा मोठी होते. कोठीला वरच्या बाजूला जाळीचे झरोके समोरासमोर द्या आणि तांदळाचे पिंप ठेवायला सहा इंच उंच कट्टा करा.

वीजतंत्री | २३ नोव्हेंबर

वर्ष १९७१ चे घर असेल तर वायरिंग बहुधा लाकडी पट्टीतले असेल. ते जोडून पुढे वाढवू नका, संपूर्ण नवे करा. सोळा अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची आणि गिझर किंवा इंडक्शनला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरपेटीतून स्वतंत्र आणावी. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक (वीज गळताच पुरवठा तोडणारा) बसवणे सक्तीचे समजा, कारण ओल्या हाताने मिक्सरला हात लागणे स्वयंपाकघरात नेहमीचे असते.

आपल्या भागात खरी अडचण अर्थिंगची असते. कातळ आणि जांभा उन्हाळ्यात इतका कोरडा होतो की साध्या खड्ड्याचे अर्थिंग काम करत नाही. जिथे मातीचा थर खोल आहे तिथे, शक्यतो न्हाणीघराच्या ओलाव्याजवळ, खड्डा घ्यावा, त्यात ओल धरून ठेवणारे मिश्रण भरावे आणि मे महिन्यात त्याची मोजणी करून घ्यावी. मे आणि ऑक्टोबरमधील विजांमुळे फ्रिज आणि पंप जळतात, म्हणून वीजलाट-रोधकही पेटीतच बसवा.

परसदार | १० मार्च

मधल्या काळात प्रत्येकाला उत्तर देता आले नाही, पण आपण सुचवलेले जवळजवळ सगळे कामात उतरले आहे, म्हणून कुठवर आलो ते कळवतो.

परवानगी डिसेंबरअखेर मिळाली. चुलत भावंडांची संमतीपत्रे गोळा करण्यात थोडा वेळ गेला, तोवर चिरा अंगणात वाळत होता. पाया अडीच फुटांवर कातळाला लागला, त्यामुळे जुन्या पायाखाली जाण्याची वेळ आली नाही. जोत्याचा पट्टा, भिंती आणि वरचा पट्टा पूर्ण झाला आहे. सांध्याची फट ठेवायला गवंडी प्रथम तयार नव्हते. चिऱ्याला चिरा बांधलेलाच भक्कम, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या पायाला बसायला मोकळीक हवी, हे अभियंत्यांचे लिखाण मी त्यांना वाचून दाखवले तेव्हा ते स्वतःच म्हणाले की गावातील शाळेच्या वाढवलेल्या खोलीला याच जागी भेग आहे. त्यानंतर त्यांनी फटीत जाड थर्माकोलची फळी उभी धरून दोन्ही कडा इतक्या सरळ उतरवल्या की ओळंबा लावला तरी सुतभर फरक दिसत नाही.

कैची लोखंडी केली, तिला आधी गंजरोधक आणि मग रंगाचे दोन हात दिले. वासे आणि रिपा तयार आहेत. आता शिमगा आला असल्यामुळे सगळे कामगार पालखीला आपापल्या गावी गेले आहेत, हे आम्ही वेळापत्रकात आधीच धरले होते.

दोन प्रश्न उरले आहेत. पत्नीला गॅसबरोबर चूलही हवी आहे, कारण अंघोळीचे पाणी, तांदळाची भाकरी आणि गणपतीतील मोठा स्वयंपाक चुलीवरच होतो. चूल आत ठेवली तर नवे स्वयंपाकघर पुन्हा काळे होईल आणि बाहेर काढली तर पावसात गैरसोय होईल. शिवाय न्हाणीघरात आईसाठी काय काळजी घ्यावी, तेही कृपया सांगावे, कारण फरशी बसण्याआधीच ते ठरवावे लागेल.

मागीलदार | ११ मार्च

चूल मागील पडवीत, मासे करण्याच्या मोरीच्या विरुद्ध टोकाला घ्या आणि तिच्यावर लहान धुरांडे बांधून पत्र्याची नळी पाख्याच्या वर काढा. पडवीला वाऱ्याच्या बाजूने जाळीची भिंत केली की पावसाची झड येत नाही. आमच्याकडे चूलही बसून वापरायची ठेवली नाही, दीड फूट उंचीच्या कट्ट्यावर घेतली आहे.

चूल घरातून गेली की एक बदल होतो, तो लक्षात ठेवावा. इतकी वर्षे धुरामुळे वासे किडीपासून वाचले होते. धूर बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांत भुंगा लागण्याची शक्यता असते. आता कौले उतरवणारच आहात, तेव्हा काजळी घासून काढून वाशांना काजूच्या टरफलाचे तेल किंवा बाजारातले कीडरोधक द्या. काजूचे तेल हाताला भाजते, म्हणून हातमोजे घालूनच काम करायला सांगा.

गॅसची टाकी ओट्याखाली बंद कपाटात नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. टाकीच्या खणाला अगदी तळाशी बाहेरच्या भिंतीत जाळीचे भोक ठेवा. चिमणी घेणार असाल तर तिची नळी कौलांतून वर न काढता भिंतीतून सरळ बाहेर काढा.

बांधकाम_अभियंता | १२ मार्च

न्हाणीघराचे दार तीन फूट रुंद, बाहेर उघडणारे किंवा सरकते ठेवा. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. उंबरठा नको. पाणी अडवायला जमिनीचा उतार आणि दाराशी लांब जाळी पुरते. कमोडची बैठक १७ ते १९ इंचांवर येऊ द्या. आधाराच्या दांड्यांचे स्क्रू चिऱ्यात नीट धरत नाहीत, म्हणून त्या जागी भिंतीत आत्ताच काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्या आणि त्यांची उंची आईंना प्रत्यक्ष उभे करून ठरवा.

मैलाटाकी विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जांभ्यातून पाणी फार वेगाने झिरपते, त्यामुळे जागा असेल तर अंतर आणखी वाढवा. आणि पैशांविषयी एक सूचना करतो. छप्पर आणि सांधा यांच्या कामाची काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचे ठेकेदाराशी आत्ताच बोलून घ्या. चांगला माणूस याला नकार देत नाही.

परसदार | १९ जुलै

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पाखी शाकारून झाली. चिरेबंदी यांच्या सांगण्याप्रमाणे पुढे जुनी आणि मागे नवी कौले घातली. कमी पडलेली जुनी कौले शेजारच्या वाडीत त्याच छापाची मिळाली. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस मुसळधार पाऊस झाला, तेव्हा मी रोज रात्री विजेरी घेऊन सांधा आतून पाहत होतो. फट आणि पट्टी दोन्ही कोरडी आहेत. फक्त आढ्यावर एका ठिकाणी, जुने आढे संपून नवे सुरू होते तिथे, कोनाच्या कौलाखालून थेंब येत आहेत. कोठी, बाक आणि ओटा पूर्ण आहे. शेगडीचा भाग ३१ इंचांवर आणि चिरण्याचा ३३ इंचांवर घेतला. आई जूनपासून नव्या खोलीत राहायला गेली आहे आणि रात्री एकटी न्हाणीघरात जाऊन येते. वायरिंग झाले आहे आणि अर्थिंगची मोजणी मेमध्येच करून घेतली. ओट्यामागच्या भिंतीची फरशी तेवढी गणपतीपूर्वी लावायची आहे. आढ्याची गळती आत्ताच दुरुस्त करावी की उघडीप मिळेपर्यंत थांबावे?

चिरेबंदी | १९ जुलै

दादा, पावसात कुणालाही पाख्यावर चढवू नका. कौले शेवाळाने निसरडी झालेली असतात आणि ओली कौले पावलाखाली फुटतात. दोन्ही आढी जिथे वेगळी हलतात तिथे मसाल्याला केसासारखी चीर गेली असणार. सध्या आतून त्या जागी पत्र्याची छोटी पन्हळ तारेने बांधून पाणी पाख्याबाहेर काढा. भाद्रपदात दोन दिवसांची कोरडी उघडीप मिळाली की तेवढे एकच कोनाचे कौल उचला, खाली शिशाची किंवा ॲल्युमिनियमची लवचिक पट्टी दोन्ही अंगांना नऊ-नऊ इंच येईल अशी पसरवा आणि कौल पुन्हा बसवताना मसाला फक्त एकाच बाजूला भरा. दुसरी बाजू नुसती टेकलेली राहू द्या. ओट्यामागची फरशी मात्र भिंत आतून कोरडी असल्याची खात्री झाल्यावरच लावा, त्यासाठी रात्रभर भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून सकाळी त्याच्या आत दव धरले आहे का ते पाहा.